पाठीवरचे वजन

म्हैसूरला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी राजवाडा, प्राणिसंग्रहालय आणि संध्याकाळी वृंदावन गार्डनची कारंजी. दुसऱ्या दिवशी सकाळी चामुंडी टेकडी, महिषासुराच्या पुतळ्यासमोर मुलांचा फोटो, खाली उतरल्यावर म्हैसूरपाक आणि चंदनी साबणाची खरेदी. दुपारी सामान बांधून गाडी उटीच्या रस्त्याला लागते. या धावपळीत दोन ठिकाणे हमखास सुटतात. एक अगदी डोळ्यांसमोर असते, ते म्हणजे चामुंडीच्या पायथ्याशी पसरलेले रेसकोर्स. दुसरे थोडे आडवाटेला, म्हैसूरपासून सुमारे ५० ते ५५ किलोमीटरवर, कबिनी नदीच्या काठी आहे. त्या गावाचे नाव सरगूर.

रेसकोर्स आणि सरगूर यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणीही विचारील. पण एका दिवसात ही दोन्ही ठिकाणे पाहिली, की दोघांची गोष्ट एकच असल्याचे लक्षात येते. ती गोष्ट आहे पाठीवरच्या वजनाची. कोणी किती वजन वाहायचे, ते कोणी ठरवायचे आणि कशासाठी, याची.

चामुंडीच्या पायथ्याशी

चामुंडीच्या हजाराहून अधिक पायऱ्या चढताना दम लागला, की काळ्या दगडाच्या भव्य नंदीपाशी थांबायचे आणि मग वर जाऊन मागे वळून पाहायचे. खाली सारे म्हैसूर दिसते. एका बाजूला ललित महालाची पांढरीशुभ्र वास्तू, दुसरीकडे कारंजी तलावाचे पाणी, आणि पायथ्यालाच हिरवे लांबट वर्तुळ. तेच रेसकोर्स.

म्हैसूर रेस क्लबची स्थापना १८९१ सालची. त्या वेळी गादीवर दहावे चामराजेंद्र वडियार होते. घोड्यांचे वेड मात्र या मुलखाला त्याही आधीपासूनचे. बंगळूरच्या पलीकडे कुणिगलला घोड्यांची पैदास होते, तिचा इतिहास थेट टिपू सुलतानाच्या काळापर्यंत मागे जातो. पहिल्या महायुद्धात २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर जिंकताना जोधपूरच्या घोडदळाच्या बरोबरीने म्हैसूरचे घोडदळ लढले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातील तीन सैनिकांपैकी एक म्हैसूरचा आहे, हे तेथून रोज ये-जा करणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

आपल्याकडे मात्र रेस म्हटली, की घरातल्या मोठ्यांच्या कपाळाला आठी पडते. 'तो रेसला जातो' हे वाक्य एखाद्या मुलाचे स्थळ मोडायला पुरेसे असे. ती आठी अगदीच चुकीची नाही. रेसच्या नादाने कर्जात बुडालेली घरे मुंबई-पुण्यात कमी नव्हती, आणि त्या नादाची भलामण येथे करायची नाही. पण पैज लावणारा माणूस आणि धावणारा घोडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोड्याला भाव कळत नाही, तिकीटही कळत नाही. त्याला कळते ते पाठीवरचे वजन.

बलवानाला शिक्षा

येथे रेसची एक गंमत समजून घ्यायला हवी. साधी शर्यत असेल तर जो सर्वांत वेगवान तो जिंकणार, हे उघड आहे. मग बाकीच्यांनी धावायचेच कशाला? यावर रेसवाल्यांनी एक तोड काढली. प्रत्येक घोड्याच्या आधीच्या कामगिरीचा हिशेब मांडायचा आणि त्यानुसार त्याच्या पाठीवर वजन द्यायचे. चांगल्या घोड्यावर जास्त, कमी दर्जाच्या घोड्यावर कमी. जॉकी आणि खोगीर मिळून ठरलेले वजन भरत नसेल, तर खोगिराबरोबर शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरे करायचे. शर्यतीपूर्वी आणि शर्यतीनंतर जॉकीला खोगिरासह काट्यावर उभे राहावे लागते. वजनात कमी भरला, तर जिंकलेली शर्यतही हातची जाते.

या पद्धतीला हँडिकॅप म्हणतात. शब्दाचे मूळ इंग्लंडमधल्या एका जुन्या अदलाबदलीच्या खेळात आहे. दोघांच्या वस्तूंची किंमत तिसरा माणूस ठरवी आणि सौदा मान्य आहे की नाही, हे टोपीत घातलेला हात बाहेर काढून दाखवायचे. टोपीतला हात म्हणून 'हँड इन कॅप'. पुढे हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत आला आणि त्यानंतर माणसांना चिकटला. आपण तो कित्येक वर्षे शारीरिक व्यंग असलेल्यांसाठी वापरत आलो. रेसमधला अर्थ मात्र नेमका उलटा आहे. तेथे हँडिकॅप दुबळ्याचा नसतो, बलवानाचा असतो. जो जास्त पेलू शकतो त्याच्यावर जास्त लादायचे, म्हणजे दुबळ्यालाही आशा राहते.

एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हा न्याय नवा वाटणार नाही. घरातला कर्ता मुलगा, थोरली सून, मिळवती अविवाहित बहीण यांच्या खांद्यावर एकेक जबाबदारी अशीच वाढत जाते. 'तुला जमतं ना, मग तूच कर,' असे म्हणत शिशाची आणखी एक पट्टी घातली जाते. किती पट्ट्या झाल्या, हे मात्र कोणी मोजत नाही.

रेसमध्ये ते मोजले जाते. म्हणूनच हँडिकॅपचा न्याय कोठवर न्याय राहतो आणि कोठे अन्याय होतो, हे आकड्यांत दाखवणारी एक शर्यत जगाच्या आठवणीत राहिली आहे. ती पाहायला आपल्याला म्हैसूरहून मेलबर्नला जावे लागेल. वाटेत मुंबई लागते. लोकल गाडीतून दिसणारे महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ साली उभे राहिले, ते मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सच्या धर्तीवर. या कॉलफील्डचे नाव पुढच्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

लाल घोडा आणि मंदीचे दिवस

मेलबर्न कप १८६१ साली सुरू झाला. शर्यत दोन मैलांची. १९७२पासून ती ३,२०० मीटर झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मॅरिबर्नाँग नदीच्या काठी फ्लेमिंग्टन रेसकोर्सवर ती धावली जाते. त्या दिवशी मेलबर्न शहराला सुट्टी असते. आपल्याकडे भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या दिवशी रस्ते जसे ओस पडतात, तसा सारा देश त्या तीन-साडेतीन मिनिटांसाठी थांबतो. ही हँडिकॅप शर्यत आहे. १८९० साली कार्बाइन नावाच्या घोड्याने ६६ किलो वजन घेऊन ती जिंकली, आणि तेही ३९ घोड्यांच्या गर्दीतून. इतके वजन घेऊन ती पुढे कोणालाही जिंकता आलेली नाही.

आपली गोष्ट चाळीस वर्षांनंतरची, १९३० सालची आहे. घोड्याचे नाव फार लॅप. थाई भाषेत याचा अर्थ होतो वीज चमकणे. न्यूझीलंडमध्ये १९२६ साली जन्मलेले हे तांबूस रंगाचे शिंगरू लिलावात अवघ्या १६० गिनींना विकले गेले. प्रशिक्षक हॅरी टेलफर्ड याच्या सांगण्यावरून डेव्हिड डेव्हिस या व्यापाऱ्याने ते घेतले. पण बोटीतून उतरलेला लांबट पायांचा, बेढब घोडा पाहून डेव्हिस इतका नाराज झाला, की त्याच्यावर आणखी पैसे घालायला तो तयार होईना. शेवटी टेलफर्डनेच तो तीन वर्षांच्या कराराने चालवायला घेतला. पहिल्या शर्यतीत घोडा शेवटचा आला. पुढच्या तीन शर्यतींतही त्याचे नाव पहिल्या तिघांत नव्हते.

त्या घोड्यावर विश्वास ठेवणारा एक तरुण तबेल्यात होता. त्याचे नाव टॉमी वुडकॉक. आपल्याकडे ज्याला मोतद्दार म्हणतात, ते त्याचे काम होते. घोड्याला खरारा करायचा, चारा-पाणी करायचे, सकाळी फिरवून आणायचे. जग ज्याला फार लॅप म्हणत होते, त्याला टॉमी 'बॉबी' म्हणून हाक मारी. १९२९ संपता संपता बॉबी जिंकू लागला आणि मग थांबेना.

ते जागतिक मंदीचे दिवस होते. ऑस्ट्रेलियात कारखाने बंद पडत होते, माणसे कामाच्या शोधात वणवण फिरत होती. अशा वेळी १६० गिनींचा नाकारलेला घोडा बड्या तबेल्यांच्या घोड्यांना मागे टाकतो, हे पाहून ज्याच्या खिशात दमडी नव्हती त्यालाही बळ येई. १९३०च्या कपसाठी फार लॅपवर ८-११ इतका कमी भाव होता. म्हणजे तो जिंकला तर ११ रुपयांवर जेमतेम ८ रुपयांचा नफा. कपच्या इतिहासात इतका कमी भाव दुसऱ्या कोणत्याच घोड्याला मिळालेला नाही. साऱ्या देशाचा पैसा एकाच पारड्यात पडला होता, आणि तो घोडा जिंकला तर काही सट्टेबाजांचे दिवाळे वाजणार होते.

शनिवार, १ नोव्हेंबर १९३०. सकाळचा सराव आटोपून टॉमी एका तट्टावर बसून फार लॅपला कॉलफील्ड रेसकोर्सजवळच्या रस्त्यावरून परत नेत होता. एक मोटार जवळ आली आणि तिच्यातून घोड्यावर गोळी झाडण्यात आली. टॉमीने आपले तट्टू मध्ये घालून बॉबीला आडोसा दिला. गोळी लागली नाही. गोळी झाडणारे कधीच सापडले नाहीत. आणि त्याच दिवशी दुपारी फार लॅपने फ्लेमिंग्टनवरची मेलबर्न स्टेक्स ही शर्यत जिंकली!

त्यानंतर त्याला शहराबाहेर, जिलाँगजवळच्या एका फार्मवर लपवून ठेवण्यात आले. मंगळवारी, ४ नोव्हेंबरला त्याला गाडीतून फ्लेमिंग्टनला आणले. मैदानात १५ घोडे होते. जॉकी जिम पाइक आणि खोगीर धरून फार लॅपच्या पाठीवरचे वजन होते ९ स्टोन १२ पौंड, म्हणजे सुमारे ६२.५ किलो. पाइकने त्याला घाई करू दिली नाही. शेवटच्या टप्प्यात लगाम सैल केला, तेव्हा घोडा वाऱ्यासारखा सुटला आणि तीन लांबींनी जिंकला. सेकंड विंड दुसरा आला, शॅडो किंग तिसरा. त्याच आठवड्यात फार लॅप आणखी दोन शर्यती जिंकला. शनिवारपासून शनिवारपर्यंत चार दिवस आणि चारही दिवशी विजय.

आणखी साडेपाच किलो

गोष्ट येथे संपली असती तर ती एका विजयाची गोष्ट झाली असती. पण हँडिकॅपचा नियम विजयानंतर अधिक कडक होतो.

१९२९ साली तीन वर्षांचा असताना फार लॅप कपमध्ये तिसरा आला होता, तेव्हा त्याच्या पाठीवर सुमारे ४७ किलो होते. १९३० साली ६२.५ किलो. १९३१ साली वजन ठरवणाऱ्यांनी आकडा लिहिला १० स्टोन १० पौंड, म्हणजे ६८ किलो. जिंकताना कार्बाइननेही इतके वाहिले नव्हते. त्या शर्यतीत व्हाइट नोज नावाच्या घोड्याच्या पाठीवर होते ४३.५ किलो. दोघांतला फरक साडेचोवीस किलोंचा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पाठीवर घेऊन दोन मैल धावायचे आणि शेजारच्याने मोकळ्या पाठीने धावायचे, असा हा प्रकार.

व्हाइट नोज जिंकला. फार लॅप आठवा आला.

यात कोणी लबाडी केली नव्हती. वजन काट्यावर तोलून दिलेले होते, नियम छापील होता. तरीही त्या दिवशी अनेकांना वाटले, की दुबळ्याला संधी देणे वेगळे आणि बलवानाचे कंबरडे मोडणे वेगळे. या दोहोंमधली रेषा फार बारीक असते. ती ओलांडली गेली, की शर्यत चुरशीची होत नाही. जो धावू शकतो त्यालाच फक्त थांबवले जाते.

यानंतर फार लॅपला बोटीने अमेरिकेच्या बाजूला नेले. २० मार्च १९३२ रोजी मेक्सिकोतल्या आग्वा कालियेन्ते येथे त्याने आणखी एक मोठी हँडिकॅप जिंकली. पंधरवडाच उलटला आणि ५ एप्रिलला कॅलिफोर्नियात तो अचानक आजारी पडून मेला. टॉमी शेवटपर्यंत त्याच्याजवळ होता. पुढे कित्येक वर्षांनी त्याच्या आयाळीच्या केसांची तपासणी झाली, तेव्हा मृत्यूपूर्वी दीड दिवसाच्या आत-बाहेर त्याच्या पोटात आर्सेनिक मोठ्या प्रमाणात गेल्याचे दिसले. ते कोणी मुद्दाम दिले की औषधातून गेले, याचा वाद अजून मिटलेला नाही. ५१ शर्यतींत ३७ विजय एवढा त्याचा हिशेब.

मेलबर्नला नातेवाइकांकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना आजही तो पाहता येतो. त्याचे कातडे भरून उभा केलेला घोडा मेलबर्नच्या संग्रहालयात आहे, सांगाडा न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला आणि हृदय कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात. त्या हृदयाचे वजन ६.२ किलो आहे. साधारण घोड्याच्या हृदयापेक्षा कितीतरी मोठे. लोक काचेसमोर उभे राहतात आणि म्हणतात, एवढे काळीज होते म्हणून एवढे वजन पेलले.

म्हैसूरचे दुसरे वजन

आता पुन्हा म्हैसूरला येऊ. दसऱ्याच्या आधी काही आठवडे येथे आलात, तर पहाटे रस्त्यावर एक वेगळीच शर्यत दिसते. तिला घाई नसते. रानातल्या छावण्यांतून आलेले हत्ती राजवाड्यापासून बन्नीमंटपाकडे ओळीने चालत असतात. विजयादशमीला याच सुमारे पाच किलोमीटरच्या वाटेवरून त्यांच्यातला एक चामुंडेश्वरीची मूर्ती असलेली सोन्याची अंबारी नेणार असतो. अंबारीचे वजन ७५० किलो.

ते एकदम त्याच्या पाठीवर ठेवत नाहीत. आधी वाळूची पोती ठेवतात. आज थोडी, काही दिवसांनी आणखी थोडी. मग लाकडी अंबारी. हत्तीची चाल, पाठ, भूक, मनःस्थिती हे सारे माहूत आणि पशुवैद्य रोज पाहत असतात. त्याला पेलते आहे असे दिसले, तरच पुढचे पोते चढते. सहज हिशेब करून पाहा. साडेपाच टनांच्या हत्तीवर ७५० किलो, म्हणजे त्याच्या वजनाच्या सुमारे साडेतेरा टक्के. पाचशे किलोंच्या रेसच्या घोड्यावर ६८ किलो, म्हणजेही सुमारे साडेतेरा टक्केच! पण एकाला ते पेलायला आठवड्यामागून आठवडे तयार केले जाते, आणि वय झाले की सन्मानाने उतरवून घेतले जाते. २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षे अंबारी वाहणारा अर्जुन साठीला पोहोचला, तेव्हा ते वजन अभिमन्यूकडे गेले.

हा अर्जुन आला कोठून? १९६८ साली काकनकोटेच्या जंगलात पकडला गेलेला तो हत्ती. आणि काकनकोटेच्या वाटेवरचे मोठे गाव म्हणजे सरगूर.

सरगूरची वाट

म्हैसूर मागे पडले, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, भात, कापूस आणि नाचणीची शेते लागतात. हळूहळू माती लाल होते, वस्ती विरळ होते आणि पश्चिमेला डोंगरांची निळी रेघ उमटते. पलीकडे केरळातले वायनाड. सरगूर पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात होते, आता तेच तालुक्याचे गाव झाले आहे. बाजारपेठ, बसस्टँड, नदीचा घाट, जवळच चिक्कदेवम्माची टेकडी. चामुंडीसारखी पर्यटकांची रांग येथे नाही. टेकडीवर उभे राहिले, की एकीकडे कबिनीचे वळण आणि दुसरीकडे रानाची सुरुवात दिसते.

काकनकोटेचे नाव एके काळी साऱ्या जगात गाजत होते ते 'खेड्ड्या'मुळे. शेकडो माणसे ढोल वाजवत, मशाली नाचवत रानटी हत्तींचे कळप नदीत हाकलत आणि पलीकडच्या काठावर लाकडी ओंडक्यांच्या कुंपणात कोंडत. महाराजांचे पाहुणे माचाणावर बसून तो देखावा पाहत. हा प्रकार १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला थांबला. त्यानंतर लवकरच, १९७४ साली, बीचनहळ्ळी येथे कबिनीवर धरण पुरे झाले आणि त्या जंगलाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आज पर्यटक ज्या जलाशयात नौकेतून फिरतात, ऐन उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर ज्याच्या काठच्या कोवळ्या गवतावर हत्तींचे कळप उतरतात, तो हाच. पाण्यातून वर आलेले वाळके बुंधे फोटोत फार सुंदर दिसतात. ते बुडालेल्या रानाचे बुंधे आहेत.

रानाबरोबर माणसेही उठली. जेनु कुरुब आणि काडु कुरुब हे या जंगलातले मूळ रहिवासी. 'जेनु' म्हणजे मध आणि 'काडु' म्हणजे रान. मध गोळा करणारे, हत्तीची भाषा जाणणारे हे लोक. खेड्ड्यात पकडलेल्या हत्तींना माणसाळवणारे माहूत आणि त्यांचे मदतनीस कावाडी बहुतांशी यांच्यातलेच, आणि आजही दसऱ्याच्या हत्तींबरोबर म्हैसूरला येतात ते बहुतेक यांचेच कुटुंबकबिले. धरण झाले, त्याच सुमारास जंगल राखीव झाले, आणि या लोकांना रानाबाहेरच्या वसाहतींत येऊन राहावे लागले. खालच्या शेतांना पाणी मिळाले, वाघांना संरक्षण मिळाले. दोन्ही गोष्टी गरजेच्याच होत्या. पण त्यांचे वजन पडले ते ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, अक्षर नव्हते, दवाखाना नव्हता, त्यांच्या पाठीवर. येथे काटा नव्हता आणि वजन ठरवणारा जाणकारही नव्हता. हँडिकॅपचा नियम उलटा लावावा, तसे झाले. सर्वांत दुबळ्याला सर्वांत जड.

हे वजन अजून उतरलेले नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५मध्ये सरगूर तालुक्यात वाघाच्या हल्ल्यात शेतकऱ्यांचे बळी गेले. लोकांचा संताप उसळला आणि बांदीपूर व नागरहोळे येथील सफारी थांबवण्यात आल्या. वाघ वाचावा असे आपल्याला शहरात बसून वाटते, आणि ते योग्यच आहे. पण वाघाच्या शेजारी पहाटे गाय सोडायला जाणारा माणूस सरगूरचा असतो.

ज्यांनी वजन वाटून घेतले

सरगूरच्या या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती पाहण्यासाठी तरी येथे यावे. १९८४ साली म्हैसूर मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या आर. बालसुब्रह्मण्यम या विद्यार्थ्याने मित्रांच्या साथीने स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट सुरू केली. शिक्षण संपल्यावर ही डॉक्टर मंडळी शहरात दवाखाने थाटू शकली असती. ती हेग्गडदेवनकोटेच्या आदिवासी वसाहतींत गेली. सुरुवातीला झोपडीवजा जागेत औषधे दिली, मग केंचनहळ्ळीला दवाखाना काढला, होसहळ्ळीला आदिवासी मुलांसाठी शाळा उभारली. सरगूरला आज त्यांचे विवेकानंद स्मारक रुग्णालय आहे. पूर्वी ज्या बाळंतिणीला म्हैसूर गाठेपर्यंत वाटेतच काही होण्याची भीती असे, तिला आता जवळ डॉक्टर मिळतो.

रेसच्या भाषेत सांगायचे, तर या मुलांनी शिशाच्या पट्ट्या आपण होऊन आपल्या खोगिरात घालून घेतल्या. कोणी ठरवून दिल्या नव्हत्या. हँडिकॅपच्या नियमातला चांगला अंश हाच आहे, की ज्याला पेलते त्याने थोडे जास्त घ्यावे. १९३१ सालचा मेलबर्न कप त्याची दुसरी बाजू सांगतो, की घेणाऱ्याच्या पाठीकडेही कोणीतरी पाहत राहावे. अर्जुनाच्या बाबतीत ते शेवटी राहून गेले. अंबारीतून निवृत्त झालेल्या या हत्तीला हासन जिल्ह्यात रानटी हत्ती पकडण्याच्या मोहिमेवर नेले गेले आणि ४ डिसेंबर २०२३ रोजी रानटी हत्तीशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला. त्याचा माहूत आक्रोश करीत असल्याची दृश्ये साऱ्या कर्नाटकाने पाहिली. फार लॅपच्या उशाशी बसलेला टॉमी वुडकॉक आणि हा माहूत यांना एकमेकांची भाषा कळली नसती. दुःख मात्र कळले असते.

म्हणून पुढच्या खेपेला म्हैसूरला गेलात, तर उटीची गाडी एक दिवस पुढे ढकला. सकाळी चामुंडीवरून रेसकोर्स पाहा, मुलांना हँडिकॅपचा नियम सांगा, आणि दुपारपर्यंत सरगूरला पोहोचा. परतीच्या वाटेवर मुलांना एवढेच विचारा, की आपल्या घरात सगळ्यात जास्त वजन कोणाच्या पाठीवर आहे. उत्तर बहुधा लगेच मिळेल.

कसे जाल?

मुंबई-पुण्याहून म्हैसूरला रेल्वेने थेट किंवा बंगळूरमार्गे जाता येते. बंगळूर ते म्हैसूर अंतर सुमारे १४५ किलोमीटर. म्हैसूरहून सरगूर आणि हेग्गडदेवनकोटेसाठी राज्य परिवहनच्या बस मिळतात. कुटुंब बरोबर असेल तर दिवसभरासाठी गाडी ठरवणे सोयीचे. हत्तींचे कळप पाहायचे असतील तर मार्च ते मे हा काळ चांगला, हिरवे रान पाहायचे असेल तर पावसाळ्यानंतरचे महिने. कबिनीच्या काठी कारापूर परिसरात राहण्याची सोय आहे, पण ती आधी ठरवावी लागते. जंगल सफारी सुरू आहे की नाही, हे निघण्यापूर्वी वनखात्याकडे विचारून घ्यावे. संध्याकाळनंतर जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर वाहतुकीला बंदी असते, तेव्हा परतीची वेळ त्या हिशेबाने ठरवावी. दसऱ्याला जाणार असाल तर म्हैसूरची हॉटेले काही महिने आधीच भरतात. हत्तींचा सराव मात्र त्याच्या आधीच्या आठवड्यांत, पहाटे, रस्त्याच्या कडेला उभे राहून कोणालाही पाहता येतो. त्याला तिकीट नाही.